शिकत असतानाच सांगू या



दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन-तीन दिवस वर्तमानपत्रांत एक ठरावीक बातमी हमखास येते. चाळिशी ओलांडलेली बाई सतरा नंबरचा फॉर्म भरून, कधी स्वतःच्या मुलाबरोबर, कधी सुनेबरोबर परीक्षेला बसते आणि पास होते. सोबत पेढा भरवतानाचा फोटो आणि वर ‘जिद्दीला सलाम’ असा मथळा. बातमी वाचून आनंद होतो, तो खोटा नाही. पण तीत बहुतेक वेळा एक वाक्य असते, ‘कुणालाही न सांगता तिने अभ्यास केला’, आणि तिथे आम्ही दरवेळी अडखळतो. बातमीदाराला ते वाक्य कौतुकाचे वाटते. आम्हाला विचारावेसे वाटते, का नाही सांगितले?

उत्तर अवघड नाही. नापास झाली असती तर हसले असते.

मुलगा नापास झाला तर ‘पुढच्या वेळी निघेल’ म्हणतात. नवरा स्कूटर शिकताना पडला तर गुडघ्याला हळद लावतात आणि दुसऱ्या दिवशी किल्ली पुन्हा त्याच्याच हातात देतात. बाईचे शिकणे मात्र जमेपर्यंत ‘हौस’ असते, आणि जमले नाही की पुरावा होतो. तिच्या अकलेचा, तिच्या वयाचा, घर नीट सांभाळत नसल्याचा आणि अखेर एकूण बायकांच्या जातीचा पुरावा. मग ती शहाणी बाई काय करते? लपवते. पुस्तक पिठाच्या डब्यामागे ठेवते, ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ म्हणून क्लासला जाते. निकाल लागला की मग सांगते, आणि तोपर्यंत सांगण्याजोगे फारसे उरलेले नसते. बीजगणित कसे सुटले, फीचे पैसे कुठून उभे केले, परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाक कोणी केला, पहिल्या दिवशी वर्गात विशीच्या पोरांमध्ये बसताना पोटात काय झाले, हे सगळे त्या पेढ्याखाली दडपले जाते. उरते ती जिद्द. आणि नुसती जिद्द वाचून शेजारच्या बाईला सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो हे कळत नाही.

या अंकाच्या निमित्ताने आम्हाला म्हणायचे आहे ते एवढेच. बाईने शिकून झाल्यावर नव्हे, शिकत असतानाच, अर्धेमुर्धे येत असतानाच, चारचौघींत सांगावे. आणि तिने सांगितलेले ऐकून घेण्याची, जपण्याची आणि हसणाऱ्यांना आवरण्याची जबाबदारी आपण इतरांनी घ्यावी.

लपून शिकण्याची परंपरा जुनी आहे. बंगालमधल्या राससुंदरी देवींचा जन्म १८१०च्या सुमाराचा, लग्न बाराव्या वर्षी. मोठे घर, मुलेबाळे, दिवसभर चूल. बाईने अक्षर ओळखणे हेच पाप समजले जाई त्या काळात त्यांनी घरातल्या ‘चैतन्य भागवत’ पोथीचे एक पान काढून घेतले, मुलाने ताडपत्रावर गिरवलेली अक्षरे मिळवली, आणि स्वयंपाकघरात दोन्ही लपवून अक्षराला अक्षर जुळवत वाचायला शिकल्या. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ‘आमार जीबन’ या आत्मचरित्रात त्यांनी ते सांगितले. पुस्तक १८७६ साली निघाले, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. अक्षर शिकणे आणि ते सांगणे यांत एवढी वर्षे गेली. त्या वर्षांत आसपासच्या किती घरांत, किती चुलींपाशी, किती जणी असेच एखादे पान लपवून बसल्या असतील आणि आपण एकट्याच आहोत असे समजत असतील?

आपल्याकडेही रमाबाई रानड्यांनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध केल्या. नवऱ्याने शिकवायचे ठरवले होते, तरी घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विरोध किती धारदार होता, हे त्यात आहे. १८८४ साली पुण्यात गव्हर्नरांपुढे त्यांनी मुलींच्या हायस्कुलाची मागणी करणारे इंग्रजी निवेदन वाचले. बाहेर टाळ्या आणि घरी बोलणी, हा अनुभव आजच्याही पुष्कळ जणींना ओळखीचा वाटेल. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये याहून पुढचे पाऊल टाकले असे आम्हाला वाटते. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग निघाले. शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेली ही बाई आपले अज्ञान, आपली फजिती, आपला भित्रेपणा असा काही सांगते की हसणाऱ्याला हसायला जागाच उरत नाही. ती आधीच हसून मोकळी झालेली असते.

पण आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेतली मातंग समाजातली मुलगी, शाळेत जेमतेम तीन वर्षे झालेली. तिचा ‘मांगमहारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन हप्त्यांत छापून आला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर मग आमचे पुस्तक कोणते, आमचा धर्म कोणता, असा सवाल त्यात आहे. हा निबंध कुणा विदुषीने आयुष्याच्या शेवटी लिहिलेला नाही, एका विद्यार्थिनीने शाळेत असताना लिहिलेला आहे. ‘आधी पूर्ण शिकून घे, मग बोल’ असे कुणी तिला सांगितले असते आणि तिने ते ऐकले असते तर? तिने त्यानंतर लिहिलेले काही आज आपल्या हाती नाही. तो एक निबंध आहे, तो शिकता शिकता लिहिला आणि लगेच छापला गेला म्हणून आहे.

त्याच्या उलट बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ची गोष्ट. फलटणला छोट्या दुकानात बसून पुड्या बांधायला आलेले रद्दी कागद वाचता वाचता त्यांना वाचनाची गोडी लागली. लिहूही लागल्या, पण नवऱ्यापासून, घरापासून लपवून. वर्षानुवर्षे ते कागद घरात दडवून ठेवलेले होते. बाहेरच्या एका अभ्यासक बाईंनी विचारपूस केली तेव्हा ते उजेडात आले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकातून छापले गेले आणि पुढे १९८६ साली पुस्तक झाले. कुणीतरी ‘काय लिहिता?’ असे विचारले, म्हणून आपल्याला ते मिळाले. विचारलेच नाही अशा घरांची मोजदाद कोण करणार?

काही गोष्टी मात्र लपून शिकताच येत नाहीत. उदाहरणार्थ, सायकल. तमिळनाडूत पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ साली साक्षरता मोहीम निघाली तेव्हा तिथल्या कार्यकर्त्यांनी वाचन-लेखनाबरोबर सायकल शिकणेही मोहिमेत घेतले. शेतमजूर बायका, खाणीत दगड फोडणाऱ्या बायका, अंगणवाडीच्या बाया भर मैदानात, सगळ्या गावासमोर सायकलवर बसल्या, पडल्या, परत बसल्या. घाणेरडे शेरे ऐकून घ्यावे लागले. पण एक बाई पडली तर तमाशा होतो, आणि पन्नास जणी रोज संध्याकाळी पडू लागल्या की गावाला पाहायचा कंटाळा येतो! ज्या शिकल्या त्यांनी दुसऱ्या दिवशी मागच्या सीटला हात लावून दुसरीला धरले. पुष्कळ जणींनी दांडी असलेली पुरुषांचीच सायकल पसंत केली, कारण दांडीवर मूल बसवता येते. हे शहाणपण कुठल्या अभ्यासक्रमात नव्हते, ते मैदानात एकमेकींकडून आले. त्या मोहिमेत किती जणी पुढे वाचत्या राहिल्या याबद्दल वाद घालता येईल. पाण्याला, बाजाराला, कामावर जायला सायकल काढणाऱ्या बायकांना मात्र कुणी परत घरी बसवू शकले नाही.

उत्तर प्रदेशातल्या बांदा भागातली हकीकत याहूनही बोलकी आहे. १९९०च्या आसपास महिला समाख्या कार्यक्रमात तिथल्या दलित आणि कोल आदिवासी बायकांना हापसे दुरुस्त करायला शिकवले गेले. हापशाचा खर्च, त्याची दुरुस्ती ही पुरुषांची खाती, पाणी आणणे मात्र बायकांचे. या बायकांनी पाने हाती घेतले, नळ उपसून काढले, वायसर बदलले, आणि तेही चौकात, भोवती गाव जमलेले असताना. मग अडचण आली ती नोंदवहीची. कुठला पंप कधी दुरुस्त केला, काय सामान लागले, हे लिहायचे कसे? तेव्हा त्याच बायकांनी अक्षरांची मागणी केली. अक्षरे येऊ लागली तसे वाचायला हवे होते, आणि त्यांच्या बोलीत, त्यांच्या जगण्याबद्दल छापलेले काहीच नव्हते. म्हणून त्यांनीच ‘महिला डाकिया’ नावाचे पत्रक काढले. नवसाक्षर बायकांनी नवसाक्षर बायकांसाठी, चुकतमाकत, चित्रे काढून केलेले. त्याच वाटेने पुढे २००२ साली चित्रकूटमधल्या कर्वी इथून बुंदेलीतले ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र निघाले. २००९ साली त्याला युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला. आज तिथल्या बायका बातम्यांचे व्हिडिओ करतात. पुरस्कारावर लोकांचे लक्ष जाते. आमचे लक्ष त्या पहिल्या पत्रकावर जाते. ‘आधी शुद्धलेखन शिका आणि मग पत्रक काढा’ असे त्यांना कुणी म्हटले नाही, हे किती बरे झाले!

महाराष्ट्रातले ताजे उदाहरण ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातले. फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या, सत्तरीच्या, काही तर नव्वदीला आलेल्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन शाळेत जातात. अंगठ्याच्या जागी सही करणे एवढीच सुरुवातीची ओढ. त्या गुलाबी लुगड्यांची काही मंडळींनी ‘फोटोपुरते’ म्हणून थट्टा केली. आम्हाला ते लुगडे महत्त्वाचे वाटते. ते नेसून गावातून चालत जाणे म्हणजे ‘मला येत नाही आणि मी शिकायला निघाले आहे’ असे मोठ्याने सांगणे. नातवंडे आजीला गृहपाठ विचारतात, त्यात कुणाची मान खाली जात नाही.

आता थोडे आपल्याच चळवळीबद्दल. स्त्रीमुक्तीच्या गटांनी बायकांना बोलायला शिकवले. जाणीवजागृतीच्या बैठकांत आपण गोल करून बसलो, मारहाणीबद्दल बोललो, लग्नाबद्दल, शरीराबद्दल, जे कुठेच बोलले जात नव्हते त्याबद्दल बोललो. आपले दुःख खाजगी नाही हे त्यातून कळले. दुःख चव्हाट्यावर मांडायला आपण शिकलो. पण शिकणे मांडायला शिकलो का? आम्हाला तसे वाटत नाही. आपल्या शिबिरांच्या अहवालांत वक्त्यांची नावे असतात, विषय असतात, ठराव असतात. अमुक कार्यकर्तीला पहिल्यांदा पोलीस ठाण्यात जाताना काय कळत नव्हते आणि ते कसे कळले, हे नसते. सांगणे म्हणजे बढाई मारणे, किंवा मग आपले अज्ञान उघडे करणे, असे दोन्ही बाजूंनी वाटत राहते.

याची किंमत कोण मोजते? मदत मागायला आलेली बाई. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली झाला, ऑक्टोबर २००६पासून लागू झाला. अर्जाची पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांत द्यावी आणि पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्यात लिहिले आहे. कोर्टात प्रत्यक्षात किती वेळ लागतो हे आपल्यापैकी ज्या तिथल्या बाकांवर बसल्या आहेत त्यांना ठाऊक आहे. संरक्षण अधिकारी कुठल्या इमारतीत बसतो, घटनेचा अहवाल त्याच्याकडून भरून कसा घ्यायचा, अर्जात राहण्याच्या हक्काची मागणी वेगळी लिहिली नाही तर काय होते, हे ज्ञान दहा-पंधरा वर्षे हेलपाटे घातलेल्या एकेका कार्यकर्तीच्या डोक्यात आहे. ती निवृत्त झाली, आजारी पडली की ते तिच्याबरोबर जाते, आणि नवी मुलगी पुन्हा पहिल्या पायरीपासून हेलपाटे सुरू करते.

सध्या तर एक वेगळीच संधी चालून आलेली आहे. १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले. ज्या कलमाचा आकडा खेड्यापाड्यातल्या बायकांनाही पाठ झाला होता ते ४९८अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ असे झाले आहे. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनेच कलम लागते, म्हणजे कार्यकर्तीने आधी घटनेची तारीख विचारायला हवी. या घडीला वकील शिकत आहेत, फौजदार शिकत आहेत, आपणही शिकत आहोत. कुणीच पूर्ण जाणती नाही. ‘मला नीट आले की लिहीन’ असे म्हणत राहिलो तर ही दोन-चार वर्षे निघून जातील आणि या काळात दारात आलेल्या बायकांना आपल्या चाचपडण्याचा काहीच उपयोग होणार नाही.

कुणी म्हणेल, आता सांगायला जागेची काय कमी? प्रत्येकीच्या हातात फोन आहे. पहिली गोष्ट, प्रत्येकीच्या हातात नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा फोन होता, आणि कधीतरी इंटरनेट वापरले आहे असे सांगणाऱ्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के. तेव्हापासून आकडे वाढले असतील, पण ज्या घरात एकच चांगला फोन आहे तिथे तो कुणाच्या खिशात असतो हे सांगायला पाहणी लागत नाही. म्हणून गटाची बैठक, बचतगटाची वही, ग्रामपंचायतीचा फळा आणि असे छापील त्रैमासिक यांची गरज संपलेली नाही.

दुसरी गोष्ट, फोनवर जे दिसते ते बहुधा तयार झालेले असते. ब्लाउज शिवायला शिकवणारी बाई मुंढ्याला चुणी न येता शिवून दाखवते. पाहणारीच्या मुंढ्याला चुणी येते, आणि ती समजते की हात आपलाच वाईट. जी बाई उसवून दाखवते, ‘इथे मी कापड आडवे धरले म्हणून ओढ बसली’ असे सांगते, तिच्याकडून चार जणी शिकतात. अशा काही जणी आहेत, त्यांना पाहणारे कमी असतात, आणि खाली वाईटसाईट लिहिणारे मात्र असतातच.

म्हणूनच ‘सांगा’ म्हणताना आम्ही सरसकट म्हणत नाही. जिच्या घरी वही सापडली तर मार बसतो तिने पुस्तक पिठाच्या डब्यामागेच ठेवावे, तिला लपवण्याचा पूर्ण हक्क आहे. जिचा फोटो उचलून कुणी वाकड्या कामाला वापरेल अशी भीती आहे तिने चेहरा दाखवू नये. नाव, गाव, चेहरा यांतले काहीही न देता शिकणे सांगता येते. आणि दुसरीचे शिकणे तिच्या परवानगीवाचून आपण सांगणे, मग ते कितीही कौतुकाने असो, हे संस्थांच्या अहवालांतून फार होते आणि ते थांबले पाहिजे. ‘आमच्या लाभार्थी’ म्हणून जिचा फोटो छापला तिला तो अंक वाचता येतो का, एवढे तरी आधी विचारावे.

तर, पुढच्या अंकापासून ‘शिकते आहे’ असे एक पान सुरू करत आहोत. त्यात काय चालेल? गाडी चालवणे, बँकेचा फॉर्म भरणे, सातबारा वाचणे, एकटीने प्रवास करणे, इंग्रजी, माहितीच्या अधिकाराचा अर्ज, नव्या कायद्याची कलमे, ग्रामसभेत उभे राहून बोलणे, काहीही. अट एकच, शिकणे अजून चालू असले पाहिजे. पूर्ण झालेल्यांच्या मुलाखतींना इतर पाने आहेत. कुठे अडले, कुणाला विचारले, कोण हसले, पैसे किती लागले आणि कुठून आणले, हे लिहा. शुद्धलेखनाची काळजी करू नका, आणि आम्हीही तुमची बोली ‘सुधारून’ छापणार नाही. लिहिता येत नसेल तर गटातल्या कुणाकडून लिहवून घ्या, मात्र छापण्याआधी तिने तो मजकूर तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलेला असावा. नाव द्यायचे की नाही, हे पत्राच्या वरच लिहा. गाव मोठे असो की वाडी, पत्रात आलेले नाव-गाव छापण्याआधी आम्ही पुन्हा एकदा विचारू.

सुरुवातीची दोन पत्रे आमच्याच गटातून येतील. एक कार्यकर्ती सध्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव लावण्याची प्रक्रिया तलाठी कार्यालयात जाऊन शिकते आहे, आतापर्यंत चार हेलपाटे झाले आहेत. दुसरी पन्नाशीनंतर पोहायला जाते, तिला अजून पाण्यात तोंड घालता येत नाही. या दोघींना तुमच्याकडे काही सांगण्यासारखे असेल तर तेही पाठवा.

– संपादक मंडळ